उत्तर दिराचं आहे

वहिनी प्रोग्रामर झाली ती चाळिशी ओलांडल्यावर, आणि तीही कुणाला न विचारता. घरच्यांना कळलं तोवर पहिला पगार हातात पडलाही होता. तीन वर्षं तिने कंत्राटावर कामं केली, एक संपलं की दुसरं. मग गेले सात महिने काहीच नाही. कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीवाल्याने तर तोंडावर सांगून टाकलं, "हा इंटरव्ह्यू शेवटचा. नाही जमला, तर यादीतून नाव काढतो."

म्हणून धाकटा दीर मदतीला धावला. तो या धंद्यातला मुरलेला गडी, बारा वर्षांचा. बेत साधा होता. वहिनी लॅपटॉपसमोर बसणार, आणि हा कॅमेऱ्यात न दिसता पलीकडे, हातात पांढरा फळा घेऊन. प्रश्न आला की उत्तर फळ्यावर. "सगळेच करतात हो वहिनी!" वहिनीने लॅपटॉप उघडला. तोच होकार धरून त्याने मार्करचं टोपण काढलं.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "शेवटची एकच जागा उरलीय आणि दोन माणसं एकाच क्षणी ती बुक करायला आलीत. दोघांना विकली जाऊ नये म्हणून काय कराल?"

दिराने झरझर लिहिलं: जागेला लॉक लावायचं, एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला बंद. वहिनीने वाचलं, चष्मा सारखा केला.

"मॅडम, उत्तर मला समोर लिहिलेलं दिसतंय," ती म्हणाली. "लॉक लावायचं. पण ते माझ्या दिराचं उत्तर आहे. मी लॉक कधी वापरलेलं नाही. आणि बायोडाट्यात अनुभव सात वर्षं लिहिलाय ना, तो तीनच वर्षांचा आहे. तीनाचे सात एजन्सीने केले, पण मला माहीत होतं."

दिराने फळा खाली घेतला. संपलं सगळं!

"दिरांना समोर बोलवा," बाई म्हणाल्या.

बिचारा फळा पाठीमागे लपवत कॅमेऱ्यापुढे आला. "लॉक लावलं, आणि लावणाऱ्याचं नेट मध्येच गेलं, तर?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तसं... ते सिस्टिमच..." नुसती ततपप झाली. एजन्सीतून फिरणारी प्रश्नांची यादी त्याला तोंडपाठ होती, पण यादीत याच्या पुढचं काही नव्हतं.

"मी विचार करून बघू का?" वहिनी म्हणाली. "वेळ लागेल."

आणि तिने खरंच वेळ घेतला. दोन मिनिटं एक अक्षर नाही. इंटरव्ह्यूत दोन मिनिटं गप्प बसायला छाती लागते. दिराने असलं धाडस उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"मी नऊ वर्षं दवाखान्याच्या काउंटरवर होते," ती हळूहळू बोलू लागली. "डॉक्टरांची वेळ देताना नाव आधी पेन्सिलीने लिहायचे, शेजारी किती वाजले ते. दहा मिनिटांत माणूस फॉर्म भरून आला तर पेनने पक्कं. नाही आला तर खोडायचं, पुढच्याला द्यायचं. लॉकवरही तशी वेळ लिहिली तर?" ती थांबली. "पण तो अकराव्या मिनिटाला फॉर्म घेऊन आला तर? मग पेन उचलण्याआधी पुन्हा बघायला हवं, पेन्सिलीतलं नाव अजून त्याचंच आहे का."

दीर आ वासून बघत राहिला. आत्ता पाच मिनिटांपूर्वी 'मी कधी वापरलेलं नाही' म्हणणारी वहिनी त्याच्या डोळ्यांदेखत शून्यातून उत्तर उभं करत होती! त्याला मनोमन हात जोडावेसे वाटले.

बाई प्रथमच हसल्या. "सकाळपासून अकरा जण झाले. सगळ्यांनी लॉक म्हटलं, याच शब्दांत. पुढे कुणालाच जाता आलं नाही. ज्यासाठी बोलावलं ते वर्षभराचं काम तीन वर्षांच्या अनुभवावर मला देता येणार नाही. पण तीन महिन्यांचं एक आहे. सोमवारी याल?"

"येईन. पण लॉक शिकायला मला दोन दिवस लागतील."

कॉल संपला. वहिनी पाणी प्यायला उठली. दीर मात्र जागचा हलला नाही. बारा वर्षांत त्याने पाच इंटरव्ह्यू दिले होते, आणि एकाही ठिकाणी जे म्हटलं नव्हतं ते आता म्हणायची वेळ आली होती.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "ते अकराव्या मिनिटाचं मला कळलं नाही. पुन्हा सांगता?"