मागाच्या खड्ड्यातल्या पिसवा

सुरुवातीला मी त्यांना घामोळ्याच समजले. नागपुरात एप्रिल लागला की अंगावर काहीही लाल उठलं तरी घामोळ्याच म्हणायचं, वर पावडर थोपटायची आणि कामाला लागायचं, अशी आपली रीत. पण घामोळ्या मानेवर येतात, पाठीवर येतात. माझ्या घोट्यांवर आल्या होत्या, त्याही रांगेने. सदर भागातल्या माझ्या ऑफिसात टेबलाखाली मी एका पायाच्या चपलेने दुसरा पाय खाजवत बसायची. साहेब समोर येऊन उभे राहिले की जीव नुसता तळमळायचा.

मग ढेकूण असतील म्हणून गाद्या पालथ्या घातल्या. मग मच्छरांवर आळ घेतला. शेवटी शोध लावला तो माझ्या सातवीतल्या मुलीने. शाळेचे पांढरे मोजे घालून ती पुढच्या खोलीतून आली आणि ओरडली, "आई, मोज्यावर तीळ उड्या मारून राहिले!" मी वाकून एक तीळ चिमटीत धरला आणि नखावर चिरडला. पिसू होती. आता त्या घरात कुणी आणल्या हे सांगायला काही ज्योतिषी नको होता.

मांजर मामाजींची. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते विणकर. पुढच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. जमिनीत मांडीभर खोल खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाने खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हाताने धोटा इकडून तिकडे फेकायचा. चाळीस वर्षं त्यांनी त्या खड्ड्यात बसून सुती साड्या विणल्या. पुढे ऑर्डरी थांबल्या, डोळेही अधू झाले. मागाचं लाकूड विकलं गेलं, खड्डा राहिला. खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर सतरंजी आणि सतरंजीवर मामाजींची खाट. दसऱ्याला ते खाट सरकवून, फळ्या उचलून आत दिवा लावायचे. एरवी त्या खड्ड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला हे सांगून ठेवलेलं होतं, आणि मला तरी त्या खड्ड्याशी काय करायचं होतं?

सासूबाई गेल्या आणि मामाजींचं बोलणंच आटलं. त्याच वर्षी ही राखाडी मांजर कुठून तरी आली आणि फळ्यांच्या फटीतून खड्ड्यात उतरून बसायला लागली. मामाजींनी तिला नाव ठेवलं नाही. "काहून वं, कुठं भटकून राहिली होती? दूध पेतं का?" असं त्यांचं चालायचं. आमच्या वाट्याला दिवसाला चार शब्द, तिच्या वाट्याला चारशे. तिची वाटी भरल्याशिवाय ते स्वतःच्या ताटाला हात लावायचे नाहीत. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच यायचा. भाजी कशी झाली हे मला कधी कळायचं नाही, मांजरीला कळायचं.

मुलीने खाजवून खाजवून पायाला जखमा केल्या, त्या चिघळल्या, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मामाजींसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मामाजी, या मांजरीला आता धाडून द्यावं लागते."

ते खाटेवर बसले होते. मांजर मांडीवर. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "धाडशीन तं मले अगोदर सांगजो. मीही तिच्यासंगं जातो."

माझा नवरा तिथेच पेपर वाचत होता. त्याने पेपर आणखी वर धरला.

मग मीच तडजोड काढली. एक महिना. महिन्यात पिसवा गेल्या तर मांजर राहील, नाही गेल्या तर मांजर जाईल. मामाजींनी मान हलवली आणि मांजरीला म्हणाले, "ऐकलं ना वं?"

जनावरांच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले. बांबूच्या टोपलीत घातली, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, आणि स्कूटीवर मुलीने टोपली मांडीत धरली. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी मांजरीच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले. कुत्र्याचं औषध घरी आणून हिला लावू नका, मांजरी मरतात त्याने, असं बजावलं. मग म्हणाले, "हिच्या अंगावर दिसतात त्या मूठभरच समजा. अंडी खाली गळतात. बाकी सगळ्या तुमच्या घरात वाढून राहिल्या आहेत. त्यांना सावली लागते, धूळ लागते आणि ओल लागते. नागपूरच्या उन्हात त्या टिकत नाहीत. घरात ओल कुठे आहे?"

"ओल? आमच्या घरात? नाही हो," मी ठसक्यात सांगितलं. स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

"कूलर?"

"कूलर तर साऱ्या नागपुरात आहे, डॉक्टरसाहेब."

घरी येऊन मी युद्धच पुकारलं. गाद्या, उशा, गोधड्या, सगळं गच्चीवर. मे महिन्याचं ऊन, गच्चीवर पाय ठेवला तर भाजून निघायचा. चादरी उकळत्या पाण्यात काढल्या. कडुनिंबाचा पाला जाळून खोल्यांत धूर कोंडला, तर शेजारीण आग लागली म्हणून धावत आली. फवारणीवाला बोलावला. त्याने भिंतीच्या कडा, कपाटामागची जागा, दाराच्या फटी, सगळीकडे औषध मारलं. "खाटेखाली मारू का?" त्याने विचारलं. मामाजी खाटेवरून उठले नाहीत. मीही म्हटलं, जाऊ दे, तिथे नुसती सतरंजी आहे. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते मला चांगलं आठवतं.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मुलीने मुद्दाम शाळेचे मोजे घालून पाहिले, पुन्हा तीळ.

मग मी कूलर बंद केला. डॉक्टरांनी विचारलं होतं ना? बंद म्हणजे बंद. आठ दिवस आम्ही पंख्याच्या झळांमध्ये बसलो. नवरा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जेवायचा. मुलगी म्हणाली, "आई, पिसवांच्या अगोदर आपणच मरून राहिलो." मामाजींनी एका शब्दाने तक्रार केली नाही. मांजर त्यांना हवी होती, त्यासाठी ते तव्यावरही बसले असते. पण पिसवा काही हटल्या नाहीत. मी हात टेकले. तोवर महिनाही संपत आला होता.

माझी नणंद खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहते. ती भेटायला आली होती. जाताना मी तिच्यासोबत टोपली दिली. "क्वार्टरला अंगण आहे, झाडं आहेत, मजेत राहील," असं मी मोठ्याने म्हटलं, मामाजींना ऐकू जावं म्हणून. मामाजींनी टोपलीवरचं लुगडं स्वतः बांधलं. गाठ सैल ठेवली, तिला श्वास घेता यावा म्हणून. मग चप्पल घालून बाहेर निघून गेले. ठरल्याप्रमाणेच झालं होतं, तेव्हा त्यांना बोलायला जागा नव्हती, आणि त्यांना बोलायला जागा नाही याचं मला तेव्हा समाधानच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आता घर पिसवांच्या तावडीतून सुटेल असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. मांजर होती तोवर त्या तिला खात होत्या. ती गेल्यावर आम्हीच उरलो. पुढच्या खोलीत पाय ठेवण्याची सोय राहिली नाही. मामाजी तर त्याच खोलीत झोपायचे. एकदा धोतर सावरताना त्यांचे पाय दिसले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल.

"मामाजी, हे काय?"

"घामोळ्या आहेत," ते म्हणाले, आणि धोतर खाली ओढलं.

त्याच आठवड्यात एके दिवशी पहाटे मी नळाचं पाणी भरायला लवकर उठले. एरवी नवरा उजाडल्यावर उठून ते काम करायचा, पण त्याला ताप होता आणि मला झोप नव्हती. पुढच्या खोलीत दिवा होता. मामाजींनी खाट भिंतीकडे सरकवली होती, सतरंजीचं टोक उलटं केलं होतं आणि हातात तांब्या घेऊन फळ्यांच्या फटीतून ते खड्ड्यात पाणी सोडत होते. सावकाश, गोल फिरवत, अंगणात सडा घालावा तसं.

"मामाजी, काय करून राहिले तुम्ही?"

"पाणी शिंपडून राहिलो," ते म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा. "उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला तं सूत तुटते."

"कोणतं सूत, मामाजी?" मी विचारलं. मग त्यांनाही ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. माग उठून पंधरा वर्षं झाली होती, माझ्या लग्नाच्याही आधी. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सुती धागा पटापट तुटतो. म्हणून विणकर सकाळी माग सुरू करण्याआधी खड्ड्यात पाणी शिंपडतात, त्या ओलाव्याने धागा नरम राहतो. चाळीस वर्षं रोज सकाळी केलेलं काम. माग गेला तरी हात थांबला नव्हता. आम्ही सगळे झोपेत असायचो, म्हणून कुणाला पत्ता नव्हता.

मी फळी उचलली. त्यांनी अडवलं नाही. बॅटरीच्या उजेडात ओली माती दिसली, तिच्यावर वर्षानुवर्षांचा कापसाचा भुसा, सुताची गुंतवळं, मांजरीचे केस. त्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. हात आत घातला, तर मनगटापर्यंत काळे ठिपके चढले. सावली, धूळ आणि ओल. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिथे होतं, आणि मी गच्चीवर गाद्या भाजत बसले होते. खाट सरकवून एकदा पाहिलं असतं तर मांजर घरातच राहिली असती. बिचारी उन्हाची गारव्याला जाऊन बसायची, एवढाच तिचा गुन्हा.

मी मामाजींना सगळं समजावून सांगितलं. जरा जास्तच सांगितलं, शाळेतल्या बाईसारखं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मीच पाजून राहिलो होतो त्यांले."

मी हातावरच्या पिसवा झटकल्या.

"भरून टाक," ते म्हणाले.

"काय?"

"खड्डा. मिस्त्री बोलाव, भरून टाक. मग तिले आण."

त्या खड्ड्याला हात लावायची सोय नव्हती, त्याच्यासाठी सासूबाईंशी त्यांची भांडणं झाली होती म्हणतात. आणि आता एका मांजरीसाठी दोन शब्दांत विषय संपला. मिस्त्री आला. त्याने आतला सगळा गाळ काढला, तो मी गच्चीवर नेऊन उन्हात पसरला. गाळात एक जुना धोटा सापडला. मामाजींनी तो धोतराला पुसून उशीखाली ठेवला. मुरूम भरला, ठोकला, वर सिमेंट केलं. "सात दिवस पाणी मारा, नाही तर तडकेल," मिस्त्री म्हणाला. त्यावर मामाजी त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. "मले सांगून राहिला," ते म्हणाले.

ते रोज सकाळी तांब्याने सिमेंटवर पाणी शिंपडायचे. पाचव्या दिवशी रविवार होता. मी आणि नवरा टोपली घेऊन खापरखेड्याला निघालो. मामाजींनी टोपलीत त्यांचा जुना बनियन अंथरून दिला, वासाने ती ओळखेल म्हणाले. संध्याकाळी दूध थोडं जास्त घेऊन ठेव, असंही मुलीला सांगून ठेवलं.

नणंदेने दार उघडलं, टोपली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, ती दुसऱ्याच दिवशी कंपाउंडवरून उडी मारून गेली. बाबाले कसं सांगू म्हणून मी चूप राहिली."

आम्ही दुपारभर कॉलनीत फिरलो. क्वार्टरांच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, मेसच्या उकिरड्यावर. तिला नाव नव्हतं, त्यामुळे हाका काय मारणार? शेवटी मी मामाजींसारखं ओरडू लागले, "ये वं, ये वं बाई." लोक पाहायला लागले. नवरा म्हणाला, चल आता. मी रडले, हे त्याने पाहिलं, पण घरी काही सांगितलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा मामाजी दारातच उभे होते. टोपलीवरचं लुगडं नुसतंच पडलेलं होतं, बांधलेलं नव्हतं, त्यावरूनच त्यांना कळलं. त्यांनी हात घालून आपला बनियन बाहेर काढला, घडी केली, आणि आत जाऊन बसले. त्या संध्याकाळी मी ताट वाढलं. ते खूप वेळ ताटासमोर बसून राहिले, मग जेवले.

घरात आता एक पिसू नाही. मुलीच्या पायांवरचे डाग फिके झाले, पांढरे मोजे पांढरेच राहतात. सिमेंट कधीचं पक्कं झालं, सात दिवस होऊन महिना उलटला. मामाजी अजून पहाटे उठतात, खाट सरकवतात आणि त्या कोरड्या चौकोनावर पाणी शिंपडतात. नवरा एकदा त्यांना थांबवायला उठला होता, मी त्याला मागे ओढलं. रात्री झोपण्याआधी तांब्या भरून त्यांच्या खाटेजवळ मीच ठेवते.