एका स्कूटीवरचा अबोला

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. लग्नसराईत नुसतं घरी बसलं तरी दारात पत्रिका येऊन पडतात आणि एकेका पत्रिकेमागे एकेक किस्सा ठरलेला! आमचं उमरखेड जुनं गाव, नाती पाच-पाच पिढ्यांची, त्यामुळे कुणाला नाही म्हणायची सोय नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता आराम. कसला आराम! मागच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात पाच कार्यक्रम आले. त्यातल्या चारांना मी आणि आमच्या सौभाग्यवती सुलभाताई एकाच स्कूटीवरून, एकमेकांशी एक शब्द न बोलता गेलो.

*

सुरुवात सोमवारच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात झाली. जेवणं झाल्यावर माझ्याभोवती मंडळी जमली, आणि मी सुलभाचा किस्सा सोडला. भजनात तिला कशी डुलकी लागली आणि दचकून उठत ती कशी ओरडली, "मटकी भिजत घालाची राह्यली!" सगळे पोट धरून हसले. गंमत म्हणजे त्या भजनात झोपलो होतो मी! किस्सा रंगावा म्हणून नाव तिचं घातलं.

तिच्या माहेरची माणसं समोरच बसली होती, हे मात्र मी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माह्या भावायसमोर माही फजिती केली तुम्ही. आता मी बोलणारच नाही!"

"नको बोलू!" मीही मास्तरच.

*

मंगळवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला बारसं होतं. सुलभानं पाळण्यातल्या बाळाला उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाळा, सांग त्या आजोबाले, शर्टाच्या गुंड्या खालीवर लागल्या हायेत!"

बाळाचे सख्खे आजोबा लगबगीनं आपला सदरा चाचपू लागले. मी कोपऱ्यात जाऊन माझ्या गुंड्या नीट लावल्या.

*

बुधवारी इस्माईलभाईच्या मुलाचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरचं जेवण. इस्माईलभाई आमच्या स्कूटीचे मेकॅनिक, वीस वर्षांचा दोस्ताना. बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. म्हटलं, चला, आज तरी आमचा अबोला कुणाला कळणार नाही! तेवढ्यात इस्माईलभाई शेजारी येऊन बसले.

"मास्तर, भाभीनं निरोप देला तुमच्यासाठी, गोड कमी खा म्हणे. वीस पावलावर बसून निरोप कायले धाडून राह्यल्या?"

मी सगळं सांगितलं.

"सॉरी बोल दो. दो मिनट का काम है."

"मी काहून म्हणू?"

"तो फिर बंद गाडी को मारते रहो धक्का!"

*

गुरुवारी एका मित्राच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण होतं. बायकांनी उखाण्यांचा आग्रह धरला आणि फिरत फिरत पाळी सुलभावर आली. माझ्या हातातला रोडगा हातातच राहिला. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"वांग्याच्या भाजीत घातला झणझणीत मसाला,
प्रभाकररावांशी अबोला, नाव घेऊ कशाला!"

"अवो, नाव तं घेतलंच!" कुणीतरी ओरडलं. केवढ्या टाळ्या पडल्या! सगळ्यांना वाटलं, गंमत केली. मीही हसलो आणि तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

त्या दिवशी घरी मला चहा गोड लागेना. तिच्या बडबडीला कंटाळलो, असं मी एकतीस वर्षं गावभर सांगत आलोय. चार दिवसांतच घर खायला उठलं.

*

शुक्रवारी ढाणकीला लग्न. आहेराच्या कुकरचा खोका मागच्या सीटवर, माझ्या पाठीला टेकवून बांधलेला, आणि त्याच्यामागे सुलभा. गावाबाहेरच्या पंपावर पेट्रोल भरलं. पैसे देऊन गाडी सुरू केली आणि ठरवलं, आता पुरे. निघता निघताच बोलायला लागलो.

"सुलभा, चुकलं माह्यं. झोपलो मी अन् नाव तुह्यं सांगतलं. तुह्या भावायले मी सोता फोन करून खरं सांगतो."

मागून उत्तर नाही. वाटलं, रडत असेल. मग मला जास्तच भरून आलं.

"तू बोलत नाही तं मले जेवण जात नाही. घरात करमत नाही. आणखी काय सांगू?"

ढाणकी येईपर्यंत मी बोलत होतो. एकतीस वर्षांत बोललो नव्हतो ते सगळं बोललो. मांडवापाशी गाडी थांबवली, तर नवरीचे वडील पुढे आले.

"या मास्तर! काकू कुठं हायेत?"

मी मागे वळून पाहिलं. नुसता खोका!

तो त्यांच्या हातात दिला आणि तसाच उलटा फिरलो. सुलभा पंपावर सावलीत खुर्चीवर बसून होती. हातात पाण्याची बाटली, मांडीवर मोबाईल.

"फोन काहून नाही केला?" मी विचारलं.

अबोल्यात फोन कसा करायचा, अशा नजरेनं पाहून ती स्कूटीवर बसली. आता मध्ये खोका नव्हता. पंपाबाहेर आलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात पडला.

"मी पाणी पिऊन आली तं तुम्ही हातवारे करत एकटेच चालले होते. कोणाशी बोलून राह्यले होते?"

"तुह्याशीच."

तिनं खांद्यावरचा हात तसाच ठेवला.

"मंग आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली, "अन् गाडी हळू चालवजा."