मेतोदीची दोन खाती

आमच्या गावात माणूस गेला की पहिला फोन डॉक्टरला जातो, दुसरा पाद्रीबुवांना आणि तिसरा मला. डॉक्टर उशिरा येतो, पाद्रीबुवा त्याहून उशिरा, मी मात्र तासाभरात तयार असतो. मयतीचे कागद छापणं हा माझा धंदा. वर क्रॉस, मध्ये फोटो, खाली नाव आणि चार ओळी. दारावर, बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर ते चिकटले की गावाला कळतं. मग चाळीस दिवसांचा कागद, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, तो गेल्यावर वर्षभर प्रत्येक खांबावरून आपल्याकडे बघत असतो. डॅन्यूबच्या या काठावर तरुण माणूस आता उरलाय कुठे? निम्मे स्पेनमध्ये संत्री तोडतायत, निम्मे जर्मनीत परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतायत. त्यामुळे माझं बरं चाललंय. मेतोदीचं नाही.

मेतोदी गावाचा फोटोग्राफर. लग्नं, बाप्तिस्मे, आणि मे महिन्यात शाळा संपवून झगझगीत झग्यांत मिरवणाऱ्या पोरी, हे त्याचं खातं. देह पिंपासारखा, त्यावर अकरा खिशांचं जाकीट, आणि लेन्सचं झाकण नेहमी बाराव्या खिशात. पस्तीस वर्षं त्याने गावातल्या माणसांना नवरदेव करून उभं केलं, आणि पुढे वेळ आली की मी त्याच फोटोतलं डोकं कापून चौकटीत बसवलं. नवरी बाजूला, गुच्छ बाजूला, टाय तेवढा ठेवायचा. आमची भागीदारी ही अशी. राकिया पिताना तो म्हणायचा, “नास्को, मी पेरतो आणि तू कापतोस.”

खरी फोटोग्राफर त्याची बायको होती, रूझा. कॅमेरा तिने कधी हातात धरला नाही, पण नवरीच्या झग्याचा घोळ कुठे सोडायचा, नवरदेवाचं पोट कोणाच्या मागे लपवायचं, सासूला चौकटीबाहेर कसं गोडीगुलाबीने काढायचं, हे सगळं तिच्याकडे. ओढणीला लावायच्या टाचण्या ती ओठांत धरायची, म्हणून कामावर असताना ती फक्त भुवयांनी बोलायची. गाव तिच्या भुवयांना पाद्रीबुवांपेक्षा जास्त भ्यायचं. प्रत्येक लग्नात पहिला फोटो तिचा. चर्चच्या भिंतीपाशी, नवरी जिथे उभी राहणार तिथे, आधी रूझा. मेतोदी म्हणायचा, “रूझा, उभी राहा जरा, उजेड बघतो.” ती उभी राहायची, तोंडात टाचण्या, हातात परक्या बाईचा गुच्छ. उजेड ठीक निघाला की ती बाजूला आणि नवरी तिच्या जागी. असे शेकडो फोटो त्याच्याकडे होते. शेकडो लग्नं, आणि सगळ्यांत एकच बाई.

फेसबुकवर मेतोदीचं एक पान होतं, आणि त्यावर सगळा संसार एकत्र नांदत होता. एक नवरी, तिच्याखाली बागेतले टोमॅटो, टोमॅटोखाली दुसरी नवरी, मग राकियाची भट्टी, मग कुणाचा तरी बाप्तिस्मा झालेलं रडकं पोर. लाइक मोजले तर टोमॅटो जिंकायचे. नवरीच्या आया यावरून कुरकुरायच्या, पण टोमॅटो खरोखरच देखणे होते.

फेब्रुवारीत रूझा गेली. स्वयंपाकघरात, सुरी हातात, कांदा अर्धा चिरलेला. मेतोदी कागदासाठी फोटो घेऊन माझ्याकडे आला. मी मोठा करून बघितला.

“मेतोदी, हे ओठांवर काय आहे? मिशीसारखं?”

“टाचण्या.”

“दुसरा दे ना, टाचण्या नसलेला.”

“नाहीये,” तो म्हणाला. “पस्तीस वर्षांत नाहीये.”

तसाच छापला. गावभर खांबाखांबांवरून रूझा टाचण्या धरून बघत होती, की तुम्ही सगळे चुकीच्या जागी उभे आहात. तोच कागद मेतोदीने पानावर टाकला. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या महिन्यात पुन्हा. पान उघडलं की आता नवरी, मग काळी चौकट, मग नवरी, मग काळी चौकट.

मे महिन्यात एकाही पोरीच्या घरून बोलावणं आलं नाही. कारण मला बेकरीच्या रांगेत कळलं. किराणावाल्या गिनकाचा मुलगा ऑगस्टमध्ये स्पेनहून लग्नाला यायचा होता. गिनका म्हणाली, “माझा मेतोदीवर राग नाही हो दादा. रूझा मला बहिणीच्या जागी. पण माझ्या सुनेचा फोटो मेलेल्या बाईच्या खाली लावू? तुम्हीच सांगा.” मी काय सांगणार? मेलेल्या बाईच्या वर-खाली काय लावायचं यावरच माझं पोट चालतं.

मेतोदीची पुतणी कालिना नगरपालिकेत काम करते. फायली वेगळ्या करणं हा तिचा धर्म. ती आली आणि तिने काकाला समोर बसवलं. धंदा धंद्याच्या जागी, घर घराच्या जागी. दोन खाती. एकावर नवऱ्या, हसू, फुगे. ते साऱ्या जगाला उघडं. दुसरं वैयक्तिक, कुलूपबंद, फक्त आपल्या माणसांसाठी. तिथे काकू, तिथे टोमॅटो, तिथे रडायचं तेवढं रडा. स्टुडिओच्या दारावरचा कागदही काढून आत स्वयंपाकघरात लावा, गिऱ्हाईक बिचकतं. मेतोदी म्हणाला की हा एक हंगाम गेला तर स्टुडिओला कुलूपच लावावं लागेल, आणि रूझाने ज्या जागी आयुष्य घातलं ती जागा बंद झाली तर तिचं उरलं काय? म्हणून कर बाई वेगळं.

त्याला लहान अक्षर दिसेना, म्हणून निवडानिवड माझ्या दुकानात, मोठ्या पडद्यावर झाली. तीन दिवस. एकेक फोटो उघडायचा आणि न्याय करायचा.

“ही धंद्यात,” कालिना म्हणायची.

“यात रूझाचा हात आहे.”

“कुठे?”

“हा काय, ओढणीचं टोक धरलंय.”

मग आम्हाला दिसायला लागलं. कोपऱ्यात हात, नवरीच्या मागून डोकावणारं कोपर, आरशात अर्धी भुवई, जमिनीवर सावली. एकही लग्न तिच्याशिवाय लागलं नव्हतं. मेतोदी म्हणाला, “आता सांग, हे घर की धंदा?”

“काका,” कालिना अगदी हळू म्हणाली, “हात कापता येईल.”

त्याने कापले. स्वतः, एकेक करून. मी जन्मभर लोकांची डोकी कापत आलोय, पण ते बघवेना म्हणून मी उगाच कागदाची रिमं मोजायला मागे गेलो.

जुनं पान धंद्याचं झालं. त्याला कालिनाने आपोआप उत्तर देणारी सोय करून दिली. कुणीही काही लिहिलं की क्षणात जायचं: “अभिनंदन! तुमचा आनंदाचा दिवस कधी आहे ते कळवा.” दातांच्या डॉक्टरने सवयीने जुन्याच पानावर मेतोदीच्या दाढेची वेळ कळवली, त्याचंही अभिनंदन झालं. वैयक्तिक खात्यावर सात माणसं होती: व्हॅलेन्सियातली मुलगी इवेला, तिचा स्पॅनिश नवरा, ज्याला आपलं अक्षर वाचता येत नाही, कालिना, मी, ज्यांची खाती कुणी बंद केली नाहीत असे दोन मयत मित्र, आणि मेतोदीच्याच आडनावाचा सोफियातला एक अनोळखी वकील, जो चुकून आत आला आणि सभ्यपणामुळे बाहेर पडला नाही. तिथे मेतोदी रूझाला रोज लिहायचा. मिरच्या लावल्या. नळ गळतोय. तुझी निळी बरणी कुठे ठेवलीस? वकील प्रत्येकाला लाइक द्यायचा.

आणि गिनका परत आली. लग्न ठरलं, ऑगस्टातला तिसरा रविवार. मेतोदीने तारीख ऐकली आणि मान खाली घातली. त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, रूझाचे सहा महिने भरत होते.

सहा महिन्यांचा कागद छापायला तो काही माझ्याकडे आला नाही. मी विचारलंही नाही. मयतीच्या कागदासाठी गिऱ्हाइकाच्या मागे लागू नये, एवढी लाज हा धंदा शिकवतो. खात्यावर त्याने टाकलेलं मी वाचलं होतं, दहा वाजता स्मशानात या म्हणून. मला वाटलं, सगळ्यांनी वाचलं असेल.

शनिवारी दहाला मी गेलो. मेतोदीने साठ माणसांच्या गव्हाच्या घुगऱ्या शिजवल्या होत्या, जन्मात पहिल्यांदा, आणि साखर निम्मीच घातली होती. पाव होता, वाईन होती, थडग्याशेजारच्या टेबलावर साठ कागदी पेले रांगेत मांडले होते. कालिना होती, पाद्रीबुवा होते, मी होतो. वारा पेले पाडत होता, मेतोदी उचलून पुन्हा रांगेत लावत होता, आणि दर वेळी फाटकाकडे बघत होता.

“ऊन आहे,” तो म्हणाला. “जरा सावकाश येतील.”

पाद्रीबुवांना पुढे बाप्तिस्मा होता. त्यांनी प्रार्थना उरकली, मूठभर घुगऱ्या घेतल्या, देव तिला क्षमा करो म्हणाले आणि गेले. साडेदहा झाले, अकरा झाले. मग मला एकदम उमगलं.

“मेतोदी, तू कळवलंस कुठे?”

“खात्यावर टाकलं ना.”

“कुठल्या?”

“माझ्या. घरच्या.”

“त्यावर आहे कोण?”

तो बोटांवर मोजायला लागला. इवेला, जावई, कालिना, मी. पुढच्या दोन बोटांपाशी आला तेव्हा त्याची नजर पलीकडच्या ओळीत गेली, कारण ते दोघे तिथेच होते, चार थडगी सोडून. एका अर्थी तेवढे दोघे हजर होते.

कालिना रडायला लागली. हे माझ्यामुळे झालं काका, म्हणाली. मेतोदीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी काही चूक नाही पोरी. वैयक्तिक करा म्हणालीस. झालं वैयक्तिक.” मग त्याने साठच्या साठ पेल्यांत वाईन ओतली आणि एकेक पेला थडग्यावर रिकामा केला. आम्ही दोघांनी मदत केली. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव चर्चच्या अंगणात होतं. जे काल यायला हवे होते ते सगळे, इस्त्रीचे शर्ट घालून. ते वाईट नव्हते हो, त्यांना ठाऊकच नव्हतं. गिनकाने मेतोदीचा दंड धरला आणि अगदी मनापासून म्हणाली, “भाऊ, रूझाचं सहा महिन्यांचं जवळ आलं असेल ना? कळवा हं नक्की. आम्ही सगळे येणार.”

“कळवतो वहिनी,” मेतोदी म्हणाला.

मग तो चर्चच्या भिंतीपाशी गेला. कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबला. नवरी बाजूला उभी, माणसं खोळंबलेली, कुणाला कळेना हा कशाची वाट बघतोय. मला कळत होतं. शेवटी त्याने रिकाम्या भिंतीचा एक फोटो काढला आणि मग नवरीला बोलावलं. तिची ओढणी दिवसभर घसरत राहिली.

सोमवारी तो माझ्या दुकानात आला. सहा महिन्यांचा कागद छाप म्हणाला. मी म्हटलं, दिवस तर गेला. असू दे, म्हणाला. फोटो म्हणून त्याने भिंत दिली.

“अरे, यात कुणी नाहीये.”

“ती इथेच उभी राहायची.”

मी वाद घालायला हवा होता. चाळीस प्रती छापल्या. वर क्रॉस, मध्ये उन्हातली पिवळी भिंत, खाली रूझाचं नाव. त्याने त्या स्वतः गावभर चिकटवल्या, पहिली स्टुडिओच्या दारावर आणि दुसरी, कुणाशी दावा म्हणून नव्हे, तर तिथे नेहमीच लावतात म्हणून, गिनकाच्या दुकानाशेजारच्या खांबावर.

आठवडाभर लोक मला येऊन सांगत होते की तुझ्या मशिनची शाई संपलीये, फोटो उमटलाच नाही. गिनकाने मात्र भिंत ओळखली. तिच्या सुनेच्या लग्नाच्या फोटोंत तीच भिंत, तेच ऊन. काळ्या चौकटीत. तिने तमाशा केला नाही. मुलगा आणि सून स्पेनला परत गेले, अल्बम न्यायला कुणी आलं नाही, आणि त्यानंतर मेतोदीला गावात कुणी बोलावलं नाही. सप्टेंबरात, सगळ्या गल्ल्या मिरच्या भाजायच्या वासाने भरलेल्या असताना, त्याने स्टुडिओला कुलूप घातलं. मिरच्या त्याने काढल्याच नाहीत. झाडांवरच वाळून गेल्या. घरच्या खात्यावरही आता तो लिहीत नाही. वकिलाने एकदा तिथे विचारलं, साहेब, सगळं ठीक ना? उत्तर गेलं नाही. मी दार वाजवतो. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पण दार उघडत नाही.

नोव्हेंबरात नऊ महिने झाले. नवव्या महिन्याला सगळेच कागद लावतात असं नाही, पण म्हटलं, या वेळी लाज बाजूला ठेवू आणि आपणच विचारू. फोन तो उचलत नव्हता, म्हणून लिहिलं: मेतोदी, रूझाचा कागद छापू का? टाचण्यांचा फोटो आहे माझ्याकडे जपून ठेवलेला. घाईत जुन्याच पानावर लिहिलं गेलं, धंद्याच्या.

उत्तर क्षणात आलं. अभिनंदन! तुमचा आनंदाचा दिवस कधी आहे ते कळवा.