तिसऱ्या खांबापर्यंत

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जमीन कुठे किती उतरते, हे आमच्या शेजारच्या गृहस्थांइतकं जमीन मोजणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. मुरबाडला रेल्वे नाही याचं लोकांना वाईट वाटतं. यांना वाईट वाटायचं ते मुरबाडच्या बाजारात धड एक उतार नाही याचं. कारण यांची गाडी किल्लीने सुरू होत नसे, उतारावर होई. गोल बोनेटची, पुढे बाकासारखी अखंड सीट आणि स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ती गाडी कागदोपत्री पांढरी होती. ती ढकलावी लागे, आणि ढकलायला शेजारी म्हणून मी होतो. मला गाड्यांतलं काहीही कळत नाही. माझा जन्म वाचनालयात पुस्तकांना नंबर घालण्यात गेला. तरी जुन्या गाड्यांच्या दुनियेत एवढ्या नावाजलेल्या माणसाशी माझा अकरा वर्षं जो घनिष्ठ संबंध आला, तो बहुतेक त्यांच्या डिकीला दोन्ही तळवे टेकूनच आला.

नावाजलेला हा शब्द मी सहसा कुणाला लावत नाही, पण इथे इलाज नाही. मोबाइलवर त्यांनी सुरू केलेल्या ‘चालू गाडी मंडळा’त किन्हवलीपासून कॅनडापर्यंतची माणसं होती आणि हे त्या सगळ्यांचे अॅडमिन. मंडळाचा मुख्य नियम असा, की गाडीचा फोटो टाकायचा नाही, आवाज टाकायचा. “फोटोत काय, सगळ्याच गाड्या बऱ्या दिसतात,” ते म्हणत. “उभी गाडी म्हणजे कपाट. मला कपाटं दाखवू नका.” रोज सकाळी ओट्यावर बसून, बशीतला चहा निववत, डोळे मिटून ते जगभरातल्या इंजिनांचे आवाज ऐकत आणि निदान करत. कुणाला सांगत, “गाडी ठीक आहे, ती घरघर तुमच्या छातीची आहे, डॉक्टरला दाखवा.” एकदा मुरबाडच्या कुणा टवाळाने मुद्दाम भाताच्या गिरणीचा आवाज पाठवला. यांनी दोनदा ऐकला आणि उत्तर दिलं, “ही गिरणी आहे. पट्टा सैल झालाय, मालकाला सांगा.” दुसऱ्या दिवशी पट्टा निसटला. गिरणीमालकाकडे सायकलही नव्हती, पण त्याला सन्मानाने मंडळात घेतलं.

मंडळात वरच्या बाजूला कायमची चिकटवलेली ‘उतारांची यादी’ हे त्यांचं एकमेव साहित्य. मी ते वाचलं आहे. ‘किन्हवली, शाळेसमोर : उत्तम. सरळगाव, नाक्याच्या अलीकडे : मध्यम, दोन माणसं लागतील. मुरबाड, स्टँडामागे : नावाला उतार, जाऊ नये.’ एवढ्या कमी शब्दांत एवढं सांगणारे लेखक मला वाचनालयात फार थोडे भेटले. लग्नाचं आमंत्रण आलं की ते मुहूर्त बघत नसत, आमंत्रण देणाऱ्याला विचारत, “हॉलपुढे उतार आहे ना?” एकदा ठरलेल्या हॉलपुढे सपाटी निघाली, म्हणून त्यांनी गाडी पलीकडच्या हॉलच्या उतारावर लावली. तिथल्या मंडळींनी पाहुणे समजून आत नेलं, फेटा बांधला, पहिल्या पंगतीत बसवलं. आमची वरात इकडे यांची वाट बघत होती. “मग करणार काय?” ते मला म्हणाले. “त्यांच्या उताराचं खाल्लं होतं.”

आमच्या गल्लीतून गाडी निघायची ती एक तालीमच होती. मी मागे. ते उजव्या दाराच्या खांबाला खांदा लावून. आणि स्टिअरिंगवर वहिनी. “वाचनालय, या जरा!” अशी हाक आली की मी वर्तमानपत्र ठेवून निघे. गाडी घरंगळू लागे, पहिला विजेचा खांब जाई, दुसरा जाई, तिसऱ्याशी ते ओरडत, “सोड!” वहिनी क्लच सोडत, गाडी एक गचका खाऊन खोकत जागी होई. मग वहिनी सीटवरून डावीकडे सरकत, हे पळत येऊन उजवीकडे बसत, आणि दोघं धसईच्या बाजाराला जात. धसई वहिनींचं माहेर. दर आठवड्याला तांदूळ, भाजी आणि भावाची तक्रार एवढं सगळं घेऊन त्या परत येत. वहिनींकडे रीतसर लायसन्स होतं. “स्टिअरिंगला हात लावायचा तर कागद पाहिजे,” हा यांचा हट्ट. चालवायची वेळ मात्र कधी आली नव्हती. त्यांची गाडी तिसऱ्या खांबाशी संपायची. माझी एक चप्पल हमखास दुसऱ्या खांबाशी राहायची.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मंडळ हादरलं. पहिल्या दिवशी लोक नियमाप्रमाणे वागले. जगभरच्या माणसांनी आपापली गाडी सुरू करून, नुसता आवाज पाठवला. वहिनींनी मोबाइल ओट्यावर ठेवला होता आणि दिवसभर आमच्या गल्लीत कुठकुठची इंजिनं धडधडत होती. मला शोकसभांचा कंटाळा आहे, पण ही मी शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या दिवसापासून मात्र फुलं, मेणबत्त्या आणि हात जोडलेली चित्रं सुरू झाली. कल्याणच्या एका सभासदाने स्वतःला ‘कार्यवाहक अॅडमिन’ घोषित केलं. बॅनर करायचा ठरला, तेव्हा असं उघडकीला आलं की त्यांचा चेहरा कुणाकडेच नाही. सगळ्या सहलींच्या फोटोंत ते बोनेटमध्ये वाकलेले, दिसते ती पाठ. शेवटी मतदान कार्डावरचा घाबरलेला चेहरा घेतला आणि मागे कुणाची तरी लालभडक नवी गाडी जोडली. तिच्यापुढे ते चोरीच्या संशयावरून धरून आणल्यासारखे दिसत होते.

महिन्याभराने, रविवारी सकाळी मंडळ प्रत्यक्ष आलं. वीस-बावीस गाड्या. निम्म्याहून अधिक नव्या, ऑटोमॅटिक, ढकलून सुरू होण्याचा त्यांना प्रश्नच नाही. तरी एकूणएक गाडी गल्लीत उताराकडे तोंड करून लावलेली. ते बघून मी तयार ठेवलेला एक टोमणा परत घेतला.

कार्यवाहक अॅडमिन ओट्यावर बसून घसा साफ करत म्हणाले, “वहिनी, मंडळाने एकमताने ठरवलंय. हायवेच्या वळणावर चौथरा, त्यावर काचेच्या पेटीत आपली गाडी. रात्री लाइट. वजन फार होतं म्हणून इंजिन फक्त काढून घेऊ.”

“इंजिन काढून?” वहिनी म्हणाल्या.

“बाहेरून कळणार नाही हो.”

“आणि मला धसईला जायचं झालं तर?”

“कधीही! मंडळावर एक मेसेज टाका, दहा गाड्या हजर.”

“मी मंडळावर नाय,” वहिनी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी घेतलंच नव्हतं. सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले.

मग वहिनींनी पदर खोचला. “न्यायची तर न्या. पण चालवत न्या. टोचन लावून माझ्या दारातून ही गाडी जाणार नाय. आणि चालू नाय झाली, तर पुन्हा चौथऱ्याचं नाव काढायचं नाय.”

ज्यांच्या मोबाइलमध्ये जगातल्या सगळ्या इंजिनांची माहिती आहे असे वीस-बावीस लोक उठले. कार्यवाहकांनी भेट म्हणून आणलेली नवी कोरी बॅटरी हार घालून बसवली. किल्ली फिरवली. काही नाही. बोनेटमध्ये वाकून पाहिलं, तर जिथे किल्लीने इंजिन फिरवणारा सेल्फ असायला हवा तिथे सुपारीचा डबा.

“त्यो सेल्फ माज्या गाडीत हाय,” किन्हवलीचा टेम्पोवाला हळूच म्हणाला. त्याच्याकडेही याच जातीची एक जुनी गाडी आहे. “चार वर्सं झाली. मला बोलले, मी वापरत नाय, तू ने.”

मग ढकलणं आलं. कार्यवाहक स्टिअरिंगवर बसले आणि बावीस माणसं मागे लागली. पहिल्या खांबालाच त्यांनी क्लच सोडला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मंडळाची पहिली रांग डिकीवर आपटली. गाडी पुन्हा वर ओढून आणली. दुसऱ्या वेळी क्लच सोडायचाच राहिला. गाडी निमूटपणे सगळा उतार उतरून खाली म्हशींत जाऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा वर आणेपर्यंत कॅनडाहून सूचना येऊ लागल्या होत्या.

वहिनी ओट्यावरून उतरल्या. “उठा,” त्या कार्यवाहकांना म्हणाल्या, आणि स्टिअरिंगवर बसल्या. “भावजी, तुमी मागं या. बाकी बाजूला व्हा.”

टेम्पोवाला मदत म्हणून उजव्या दाराच्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

“तिथं नको रे,” वहिनी म्हणाल्या. तो बाजूला झाला.

मी तळवे टेकले. एकट्याने ती गाडी हलेल असं मला वाटत नव्हतं, पण उतार आपला होता. पहिला खांब गेला. दुसऱ्याशी चप्पल गेली. तिसऱ्याशी “सोड!” म्हणायला कुणी नव्हतं. गाडी गचका खाऊन खोकली आणि सुरू झाली.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. वहिनींनी हँडब्रेक ओढला आणि डावीकडे सरकल्या. पर्स मांडीवर घेतली, समोर बघत बसल्या. इंजिन धडधडत होतं. सीटची उजवी बाजू रिकामी. गाडीसाठी जीव टाकणारी बावीस माणसं रस्त्यात उभी होती, पण एकही पुढे झाला नाही. टाळ्या आपोआप थांबल्या.

“अगोबाई,” वहिनी स्वतःशीच म्हणाल्या, आणि उजवीकडे सरकल्या. दांडा ओढला आणि गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली. बराच वेळ आवाज येत राहिला. कुणीतरी तो मंडळावर टाकला.

चौथऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. यादीत मात्र एका उताराची भर पडली आहे : ‘शहापूर, अॅडमिनच्या घरासमोर : सर्वोत्तम, एक माणूस पुरतो.’ टेम्पोवाला दोनदा सेल्फ परत द्यायला आला, वहिनींनी दोन्हीदा चहा पाजून परत पाठवला. बाजाराच्या दिवशी सकाळी “भावजी, या हो जरा,” अशी हाक येते. मी वर्तमानपत्र ठेवून निघतो. गाडी तिसऱ्या खांबाशी सुरू होते, आणि वहिनी अजूनही आधी डावीकडे सरकतात. तेवढा वेळ मी पाठ फिरवून चप्पल शोधतो. ती समोरच पडलेली असते.