जळकोटची महापार्टी
माझ्या बेंजो पार्टीतल्या कीबोर्डवाल्यानं मला फसवलं आणि त्याच्या शब्दावर मी जळकोटचं लग्नघर फसवलं. कोऱ्या टॉवेलच्या खळीचा वास आला की ती दुपार अजून अंगावर येते. माझ्याकडं वाजवता वाजवताच त्यानं वेगळा ग्रुप जमवला होता. "मालक, चार पार्ट्यांतले नावाजलेले चार गडी हायत, महापार्टी म्हणा," असं तो म्हणाला आणि मी घासाघीस करून त्या ग्रुपसाठी जळकोटच्या लग्नाची सुपारी ठरवली. मांडवात नवरीचे चुलते टॉवेल-टोपी द्यायला उठले आणि माइकवर एकेकाला विचारू लागले, "पाव्हणं, तुमी कुठल्या पार्टीचं?" ढोलकीवाला ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला. ऑक्टोपॅडवाला कीबोर्डवाल्याकडं बोट दाखवून म्हणाला, "म्या ह्यांचा मेव्हणा." मांडव खदखदून हसला आणि मग सगळ्यांना फसवणूक कळली. चार-पाच जणांनी आमची गाडी घेरली, एकानं चावी काढून घेतली. कीबोर्डवाला माझ्या कानाशी पुटपुटला, "म्या हाय की नावाजलेला! एक असला तरी महापार्टीच." चुलत्यांनी माझ्या खांद्यावर जड हात ठेवला. "मालक, तुमी सांगा. ही महापार्टी व्हय का न्हाय?" मी हात जोडले, तेव्हा चावी मिळाली. आजही जळकोट आलं की मी गाडीची काच वर करतो. पण तोंड लपवायचं मी का? त्यानं त्या चुलत्यांसमोर उभं राहावं आणि सांगावं, बाकीच्या तीन पार्ट्या कुठं होत्या?