कोपरा कापलेली कार्डं

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. आणि चहा पिता पिता ऐकू नका, ठसका लागेल. चूक माझीच होती, हेही आधीच सांगून टाकते. पण एका लोणच्याच्या बरणीपायी एवढं सगळं होईल, असं कुणाला तरी वाटेल का?

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली ते साल. गंगापूर रोडच्या आमच्या महिला मंडळाने ठरवलं, पंधरा ऑगस्टला जुन्या पोस्टकार्डांचं प्रदर्शन आणि देशभक्तीच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा. जुनी कार्डं कुणाकडे? अर्थात आमच्याकडे! माझे सासरे, तात्या, आलेलं पत्र कधी टाकायचेच नाहीत. सगळी तारेच्या आकड्यात ओवलेली. त्यात इंग्रजांच्या काळातली कार्डं, त्यांवर राजाचं छापील डोकं, आणि त्या डोक्यावर पेन्सिलीने काढलेली गांधी टोपी! हा उद्योग तात्यांच्या बालमित्राचा, देवळ्याच्या नामदेवअण्णांचा. शाळकरी पोरं ती, दुसरं काय करणार? पोस्टाने बंड करायची.

आणि गाणं! तात्या लहानपणी प्रभातफेरीत एक गाणं म्हणायचे. छापलेलं नव्हतं कुठे, गावातल्याच कुणी गुरुजींनी रचलेलं. त्यातली दोन कडवी त्यांना पाठ, तिसरं विसरलेलं. रोज सकाळी आंघोळ करताना दोन कडवी मोठ्याने, मग एकदम शांतता. आम्ही सुस्कारा टाकावा, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू!

आमचे हे म्हणायचे, "देश स्वतंत्र झाला. आपण कधी होणार?"

मी तात्यांना म्हटलं, "कार्यक्रमात दोनच कडवी म्हणा ना. कुणाला कळणार आहे?"

"अर्धं गाणं? सूनबाई, स्वातंत्र्य काय अर्धं मिळालं होतं? तिसरं कडवं मिळालं तर म्हणेन. नाही तर तुझ्या त्या स्टेजवर चढणार नाही!"

झालं! मी तर मंडळात छातीठोक सांगून बसले होते, तात्या गाणार म्हणून. मग पोस्टकार्डं आणली आणि ठरवलं, तात्यांच्या सगळ्या जुन्या माणसांना लिहायचं. 'तात्यांच्या प्रभातफेरीच्या गाण्याचं तिसरं कडवं कुणाकडे असेल तर रविवारी घेऊन या. येताना जुनी पत्रंही आणा.' साधा मजकूर. यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा!

कार्डं ठेवली फळीवर. शेजारी कैरीच्या लोणच्याची बरणी. ती रात्रभर पाझरली, आणि सकाळी पाहते तर सगळ्या कार्डांचा एकेक कोपरा तेलाने थबथबलेला. त्यावर शाई धरेना. आता चांगली कोरी कार्डं टाकून का द्यायची? मी कात्री घेतली आणि सगळ्यांचे तेलकट कोपरे एका रेषेत, सुबक कापून टाकले. वर स्वतःचं कौतुकही केलं.

का हो, आलं ना लक्षात? तुम्हाला लगेच आलं. मला नाही आलं! डोक्यात नुसता कार्यक्रम.

शनिवारी सकाळी मी मागच्या खोलीत खळ लावून जुनी कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून मोठा हेल ऐकू आला. "माझ्या दादा रंऽऽ!" रिक्षातून तात्यांची धाकटी बहीण उतरत होती, पिंपळगावच्या आत्याबाई. पांढरं लुगडं, तोंडावर पदर. शेजारपाजारचे बाहेर आले. कुणी लगबगीने खुर्च्या मांडल्या. एका वहिनींनी तर चहाचा थर्मासही आणला.

दार कुणी उघडलं? तात्यांनी! खांद्यावर टॉवेल, निम्मी दाढी झालेली.

बहिणीला त्या अवस्थेत पाहून तात्यांना वाटलं, तिच्याच घरी काहीतरी झालं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि तेही रडायला लागले. आत्याबाईंनी पदर काही वर केला नाही. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडताहेत आणि गल्ली डोळे पुसतेय!

"कोण गेलं गं?" तात्यांनी हुंदका आवरून विचारलं.

"दादा गेला रेऽऽ!"

"कोणाचा दादा?"

"माझा! माझा सख्खा दादा!"

"अगं, मग मी कोण?"

आत्याबाईंनी पदर वर केला. पाहिलं. आणि मट्कन खाली बसल्या. मी खळीने माखलेल्या हातांनी धावत आले, तर पहिली नजर माझ्यावर!

"सुमन! तू कोपरा कापलेलं कार्ड पाठवलंस? मयताचं?"

"आत्याबाई, मजकूर वाचला नाही का तुम्ही?"

"कोपरा नसलेलं पत्र कोण वाचत बसतं गं? दादाचं नाव दिसलं, जागीच फाडलं, डोक्यावरून पाणी घेतलं नि गाडी धरली!"

"पण शेजारी फोन आहे ना? विचारायचं तरी!"

"काय विचारू? 'दादा आहे का घरात?' म्हणून?"



तोवर नामदेवअण्णा आले. हातात माझ्या नवऱ्यासाठी दुखवट्याची टॉवेल-टोपी. समोर तात्या, अर्ध्या दाढीनिशी चहा पिताहेत, तोही सुतकाचा!

"तू जित्ता शे?" अण्णा ओरडले. "अरे, कांद्याची लागवड टाकून आलो मी! मजूर बांधावर बसलेत!"

"मग आडवा पडू का आत जाऊन?" तात्या म्हणाले. "तुझी फेरी फुकट नको."

अण्णा लय तापले. मग हळूच खिशातून पिवळं पडलेलं एक पोस्टकार्ड काढलं. "तुझ्यासंगं सरणावर ठेवायला आणलं व्हतं. तूच धाडलं व्हतं मला, शाळेत असताना."

तात्यांनी चष्मा लावला. कार्डावर तिसरं कडवं होतं! त्यांच्याच अक्षरात.

पण सुख कुठलं लागायला? कडव्यात नदीचं नाव होतं. कार्डात होतं तेच तात्या म्हणाले, "गोदामाई." अण्णा म्हणाले, "गिरणामाई! आमच्या फेरीत गिरणाच म्हणायचो." देश एक, पण नदी ज्याची त्याची! शेवटी पंधरा ऑगस्टला दोघं शेजारी उभे राहिले आणि त्या ओळीला एकाच सुरात दोन नद्या म्हणाले. तात्यांनी गाणं पुरं केलं. टाळ्या थांबेनात. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

आठ वर्षांनी तात्या खरंच गेले. झोपेतच, शांतपणे. कार्ड पाठवायची माझी हिंमत नव्हती. मी सरळ फोन केला. "आत्याबाई, तात्या गेले हो," म्हणताना मला रडूच फुटलं.

पलीकडून आत्याबाई म्हणाल्या, "बरं बरं. त्याला फोन दे आधी."