कळकलेली आमटी

तिसऱ्या डोसनंतरच्या आठवड्यात एका सकाळी यांनी अर्धा चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा लोखंडासारखा लागतोय गं." मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं. पातेलं जर्मनचं होतं. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात, माझी आई म्हणायची म्हणून मीही म्हणते. तळाशी काळे ठिपके पडले होते. चोर सापडला असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बरंच वाटलं.

हे म्हणजे माझे यजमान. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पत्रे कापण्यात आणि वाकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "वजन सांभाळा. पन्नासच्या खाली गेलं तर मला पुढचा डोस देता येणार नाही." हे बोलताना ते यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. वजन त्या दिवशी त्रेपन्न होतं. म्हणजे तीन किलो होते माझ्या हातात, एवढंच मला समजलं.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आहे. राग माझ्या नाकावर असतो आणि एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला दुसरं कोणी लागतं. मुलगा कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सून. ती वरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते. तिचं म्हणणं, आई स्वयंपाकघरातसुद्धा हातात छडी असल्यासारख्या वावरतात. ते काही खोटं नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी घरातलं सगळं जर्मन एका पोत्यात भरलं. दोन पातेली, कढई, इडलीचं भांडं, लग्नातला मोठा कुकर. हे दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, जन्मभर मी हाच पत्रा हाताळून घरी जेवायला आलो. तेव्हा नाही मला काही झालं." मी म्हटलं, "झालं नाही कशावरून?" बोलून गेले आणि मग मलाच कसंतरी झालं. ते आत जाऊन आडवे झाले. पोतं संध्याकाळी मोडीत गेलं.

सगळं स्टीलमध्ये शिजायला लागलं. चार दिवसांनी वरणभात कालवताना यांचा हात थांबला. मी विचारलं, तेच का? त्यांनी मान डोलावली.

मग माझं लक्ष नॉनस्टिककडे गेलं. डोशाचा तवा खरवडला गेला होता आणि त्या काळ्या पापुद्र्याबद्दल मोबाइलवर रोज काहीबाही येत होतं. काय खरं, काय खोटं, कोण बघतंय. तवा गेला, सुनेचा आवडता पॅनही गेला. ती म्हणाली, "आई, माझा पॅन नवा होता, त्याला एक ओरखडा नव्हता." मी म्हटलं, तुला दुसरा आणू. तिनं वाद घातला नाही. घरात आजारी माणूस असलं की बाकीच्यांनी गिळायचं असतं, ते ती गिळत होती.

एअर फ्रायरची कल्पना तिचीच. तळलेलं यांना सोसत नव्हतं आणि उकडलेलं बघून ते तोंड फिरवत. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. विक्रेत्यानं एकामागून एक खोकी उघडून दाखवली. मी प्रत्येकाची टोपली बाहेर काढून नखानं टकटक करून विचारत होते, हे कशाचं आहे. तो म्हणाला, "नॉनस्टिक आहे मॅडम, प्रीमियम." मी म्हटलं, "बाबा रे, साधं नको म्हणून आले मी, आणि तू प्रीमियम गळ्यात मारतोस." सून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. सिरॅमिक लिहिलंय पण तोही शेवटी एक थरच आहे, तो किती टिकेल ते या दादांना विचारा, असं तिनं हळूच सांगितलं. विक्रेत्याला ते सांगता येईना. शेवटी खाली काचेचं भांडं आणि आत स्टीलची जाळी असलेला एक तिनं शोधून काढला. घरी येईपर्यंत ते खोकं मी मांडीवर धरून बसले होते.

त्यात पहिल्या दिवशी रताळ्याचे काप केले. वर जिरेपूड, किंचित मीठ. यांनी एक काप बराच वेळ चावला. "छान झालेत," म्हणाले. मी बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "जरासं लोखंड आहे."

आता काचेत लोखंड कुठून येणार? दुसरीच्या पोराला हे विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की बाई, मग भांड्याचा काही दोष नाही. मी काय केलं, तर जाळी बाहेर काढून टाकली. हे तेव्हा हसले आणि म्हणाले, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." नाशिककराच्या तोंडात ही म्हण येता-जाता असते, सोमेश्वर आमच्या गंगापूर रोडलाच आहे. माझ्या धांदलीची थट्टा चालली आहे असं समजून मी म्हटलं, तुम्हाला काय जातंय हसायला. ते सांगत होते ते मला ऐकूच आलं नाही.

वजन एकावन्न झालं. डोसाला नऊ दिवस राहिले होते.

माळ्यावर माझ्या आईचं पितळी पातेलं होतं. विंचूरच्या घरात तीस माणसांची आमटी त्यात व्हायची असं आई सांगायची. तीस नसतील, पण बारा नक्की. ते खाली काढलं तेव्हा बाहेरून काळंठिक्कर आणि आतून मळकट करडं दिसत होतं. मी म्हटलं, हेच खरं. आपल्या आया याच भांड्यांत रांधून नव्वदीपर्यंत जगल्या. चिंचेचा कोळ घेतला, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली आणि अंगणातल्या नळाखाली बसून तासभर घासलं. आधी बाहेरून, मग आतून. आतलं ते करडं निघता निघेना. निघालं तेव्हा हात सोलवटले होते, पण पातेलं आतबाहेर सोन्यासारखं लखलखत होतं. सुनेला हाक मारून मी ते दाखवलं. बिचारी म्हणाली, किती सुंदर. तिला काय ठाऊक. तिच्या माहेरी पितळेची फक्त समई.

मला ठाऊक होतं. त्याचंच दुःख आहे. ते आतलं करडं म्हणजे कल्हई होती. पितळेच्या पोटात कथलाचा थर देतात, तो अन्नाला पितळ लागू देत नाही. आमच्या लहानपणी वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा आणि नवसागराच्या धुरानं सगळी गल्ली खोकायची. आई भांडं देताना बजावून सांगायची, "कल्हई गेल्याली आसंल तर त्यात आंबट घालायचं नाय. लय वंगाळ. कळकतं ते." कळकणं हा शब्द आता माझ्या सुनेच्या वयाच्या बायकांना सांगावा लागतो. पितळेत आंबट राहिलं की त्याला हिरवट, कडू, जीभ आखडणारी चव येते आणि पोटात मळमळतं. हे सगळं मी ऐकलेलं, पाहिलेलं. आणि यांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून दोन महिने डोळ्यांत तेल घालून बसलेल्या मीच ती कल्हई स्वतःच्या हातानं खरवडून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यात चिंचगुळाची आमटी केली. या पातेल्यात ती ऊबदार राहील म्हणून काढून न ठेवता तशीच राहू दिली. साडेबाराला यांना वाढलं. दोन वाट्या आमटी प्यायले. कित्येक आठवड्यांत त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नव्हती. मी देवाला हात जोडले. आईची आठवण काढली.

दीडला सून खाली आली, आम्ही दोघी जेवायला बसलो. पहिला घास मी तोंडात घातला आणि ताटातच थुंकला. सून घाबरून बघत राहिली. मी पातेल्यात डोकावले. आमटीच्या कडेला, जिथं ती पितळेला टेकली होती तिथं, हिरवट कड धरली होती.

तशीच उष्ट्या हातानं आत गेले. हे पडून होते. म्हटलं, "अहो, आमटी कळकली होती. तुम्ही दोन वाट्या प्यायलात. तुम्हाला कळलं नाही?"

ते खरंच गोंधळले होते. म्हणाले, "कळकली होती? मला तर रोजच अशी लागते."

"आमटी?"

"सगळंच. पाणीसुद्धा."

जी चव मला एक घासभर सोसली नाही, ती हा माणूस दोन महिने दिवसातून चार वेळा गिळत होता आणि वर छान झालंय म्हणत होता. मी तिथंच पलंगाच्या कडेवर बसले.

तीनच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. पाचला आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पातेलं, चिंच, तारेची घासणी, काही लपवलं नाही. डॉक्टर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "पोट शांत होईल, सलाइन लावू. पण काकू, घरातली चांगली भांडी सोडून पितळेचं कशाला काढलंत?"

मी त्यांना लोखंडाच्या चवीचं सांगितलं. जर्मन, नॉनस्टिक, काच, जाळी. ऐकता ऐकता त्यांनी लिहायचं थांबवलं. "ती चव औषधाची आहे," म्हणाले. "कोणत्याही भांड्यात शिजवलंत तरी येणार. औषध संपलं की हळूहळू जाईल. पहिल्याच डोसाच्या दिवशी मी सांगितलं होतं की यांना."

पहिल्या डोसाच्या दिवशी मी खाली औषधांच्या रांगेत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं. साडेएकोणपन्नास. डोस दोन आठवडे पुढे गेला. नर्सनं आकडा लिहून फाइल मिटली आणि मी त्यांच्या कॉटजवळच्या स्टुलावर बसले. सून दहीभात देऊन कामावर बसायला घरी गेली होती. डबा माझ्या मांडीवर होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग मला सांगितलं का नाही?"

ते छताकडे बघत होते.

"सांगितलं असतं तर तू भांडी बदलायची थांबली असतीस," ते म्हणाले.

"मग काय झालं असतं? अहो, हे तरी टळलं असतं."

"मग तू बसून रडली असतीस. लोखंड चालतं गं मला. ते नाही चालत."

मला फार राग आला. त्यांचा, माझा, त्या डॉक्टरांचा. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं मी रडले असते. आणि एवढं म्हणता म्हणताच रडू फुटलं. निदान झालं तेव्हा, ऑपरेशनच्या दिवशी, कधीच मी त्यांच्या देखत रडले नव्हते. आता थांबवता येईना. पदर तोंडात कोंबला तरी आवाज यायचा तो आलाच. एका नर्सनं दार उघडून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

यांनी सलाइन नसलेल्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं. माझे हुंदके थोडे कमी झाले तेव्हा म्हणाले, "भूक लागली आहे मला."

खोटं होतं ते. मी डबा उघडला.